उंदीर पळवणारे यंत्र आणि वर्षभराची हमी

सोयाबीनची रास झाली की शिवारातले उंदीर वस्तीकडे सरकतात, हे मराठवाड्यात कोणाला नव्याने सांगावे लागत नाही. नेमक्या याच दिवसांत, दसरा-दिवाळीच्या सुमारास, लातूर शहराच्या कडेला असलेल्या आमच्या वसाहतीत उंदरांचा बंदोबस्त करून देतो म्हणणारी दोन माणसे घरोघर फिरली आणि बऱ्याच जणांकडून पैसे घेऊन गेली. त्यांची पद्धत इतकी बेतलेली होती, की ती तपशिलाने मांडणे मला आवश्यक वाटते. आमच्या घराला शटरचे गॅरेज आहे, आणि इकडच्या बहुतेक घरांप्रमाणे त्यात गाडीशेजारी ज्वारीची पोती, जुना कूलर, मोटारीचा पाइप आणि रद्दी असा संसार मांडलेला असतो.

ही माणसे दुपारी येतात, म्हणजे घरात वयस्कर माणसेच असतात. अंगात निळा गणवेश, गळ्यात ओळखपत्र, आणि पहिले वाक्य ‘महापालिकेच्या मोहिमेतून आलोय मावशी, तपासणी फुकट आहे’ असे. प्रत्यक्षात त्यांचा महापालिकेशी काडीचाही संबंध नव्हता. माझ्या आईने त्यांना गॅरेज उघडून दिले; एक जण पोत्यांमागे गेला आणि मूठभर लेंड्या घेऊन बाहेर आला. या मुठीबद्दल थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. घरात फिरणाऱ्या लहान उंदराची लेंडी तांदळाच्या दाण्यापेक्षा मोठी नसते आणि टोकाला निमुळती असते. आईला दाखवलेल्या लेंड्या त्याच्या तिपटीने मोठ्या, बोथट टोकांच्या, म्हणजे मोठ्या उंदराच्या किंवा घुशीच्या होत्या. त्या त्यांनी पायरीवरच टाकून दिल्यामुळे मला संध्याकाळी पाहता आल्या. दुसऱ्या दिवशी मी सगळी पोती हलवून गॅरेज झाडले, तेव्हा लहान लेंड्या भरपूर निघाल्या, पण तशी मोठी एकही नव्हती. ती मूठ खिशातून आली होती, याबद्दल मला शंका नाही.

त्यानंतर गाडीचे वायरिंग कुरतडले तर किती हजारांना बसेल याची भीती घालून तीन यंत्रे, ‘औषध’ आणि वर्षभराची हमी असे मिळून ६,८०० रुपये घेण्यात आले. पैसे एका व्यक्तीच्या खासगी खात्यावर मोबाइलवरून घेतले गेले, आणि पावतीवर ना पत्ता होता, ना जीएसटी क्रमांक.

भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचे, निळा दिवा लुकलुकणारे हे यंत्र अतिउच्च कंपनांचा (अल्ट्रासोनिक) ध्वनी सोडते आणि त्याने उंदीर पळतात, असे सांगितले जाते. २०,००० हर्ट्झच्या वरचा ध्वनी माणसाला ऐकू येत नाही, हे खरेच आहे; पण विकणाऱ्याची सगळी सोय त्यातच आहे. यंत्र चालू आहे की बंद, हे घेणाऱ्याला कधीच कळणार नाही, आणि आईने विचारले तेव्हा ‘आवाज आला तरच समजा बिघडलंय’ असे उत्तर मिळाले. आठवडाभराने पोत्याला नवे भोक दिसल्यावर मी एक यंत्र ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून उघडून घेतले. आत दिवा, दोन-तीन सुटे भाग आणि वजन यावे म्हणून चिकटवलेला लोखंडी तुकडा होता. ध्वनी निर्माण करणारा भागच नव्हता. तो असता तरी फारसा उपयोग झाला नसता. असा ध्वनी भिंतीपलीकडे जात नाही, पोती आणि खोकी त्याला अडवतात, आणि उंदीर थोड्याच दिवसांत त्याला सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २००१ मध्ये अशा यंत्रांचे साठाहून अधिक उत्पादक आणि विक्रेते यांना, दाव्यांना शास्त्रीय आधार असल्याशिवाय ते करू नयेत, अशी ताकीद दिली होती. आपल्याकडे मात्र हे यंत्र आजही बिनधास्त विकले जाते.

हमीचा कागद तर खास वाचण्यासारखा होता. पुढच्या बाजूला मोठ्या मराठी अक्षरांत ‘वर्षभर गॅरंटी’ आणि मागे बारीक इंग्रजीत अट अशी, की त्या जागेत धान्य किंवा खाद्यपदार्थ साठवलेले आढळल्यास हमी रद्द. ज्वारीच्या पोत्यांना टेकून उभे राहूनच त्यांनी त्या कागदावर सही केली होती.

या प्रकारातला सर्वांत गंभीर भाग ‘औषधा’चा आहे, कारण तिथे प्रश्न पैशांपुरता राहत नाही. वेष्टन नसलेले निळे तुकडे त्यांनी पोत्यांच्या फटीत उघडेच टाकले होते. कीटकनाशक कायदा, १९६८ उंदरांच्या विषालाही लागू होतो, आणि व्यवसाय म्हणून असे काम करणाऱ्याला परवाना घ्यावा लागतो. विषाच्या मूळ वेष्टनावर घटकाचे नाव, उतारा आणि विषारीपणा दाखवणारा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. घटकाचे नावच ठाऊक नसेल, तर लहान मुलाने तुकडा तोंडात घातल्यावर डॉक्टरांना काय सांगणार? रक्त गोठू न देणाऱ्या विषावर ‘के’ जीवनसत्त्व (व्हिटॅमिन के) देतात, पण झिंक फॉस्फाइड या दुसऱ्या प्रकारच्या उंदीरविषावर त्याचा उपयोग नाही. सुदैवाने आमच्याकडे कोणाला काही झाले नाही, ते तुकडे हातमोजे घालून गोळा करून मी बरणीत बंद केले आणि कुलपात ठेवले.

उंदीर शेवटी थांबले ते गवंड्याच्या कामाने. लहान उंदराला सुमारे सहा मिलिमीटरची फट पुरते, म्हणजे जिथे पेन्सिल जाते तिथे तोही जातो. शटर आणि फरशी यांमधल्या फटीला पत्र्याच्या पट्टीसह रबर बसवले, कारण नुसते रबर ते कुरतडतात. पाइपाभोवतीची भोके काचेचा चुरा कालवलेल्या सिमेंटने बुजवली, आणि ज्वारी पत्र्याच्या कोठीत भरली. आत उरलेले उंदीर भज्याचा तुकडा लावलेल्या साध्या पिंजऱ्यात सापडले. हा सगळा खर्च त्या तीन यंत्रांपेक्षा बराच कमी होता.

मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायचे असल्यास दोन वर्षांच्या आत जाता येते, आणि दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. मात्र पावती, पैसे गेल्याचा संदेश आणि ते यंत्र जपून ठेवावे लागते. पावतीवरचा फोन केव्हाच बंद झाला आहे. औशात राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने परवा पाठवलेल्या पावतीच्या फोटोत संस्थेचे नाव वेगळे आहे, मोबाइल क्रमांक वेगळा आहे, पण मागच्या बाजूची धान्याची अट शब्दशः तीच आहे.