दोन शनिवार, तीस मोठी माणसे आणि एक प्रश्नावली : शाळेतील बालसंरक्षण प्रशिक्षणाविषयी अभिप्राय

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन लहान मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचा प्रकार उघडकीस आला. त्याच महिन्यात निघालेल्या शासन निर्णयाने राज्यातील शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी आणि सखी सावित्री समिती (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतील समिती) यांची पूर्तता करण्यास बजावले. नाशिक जिल्ह्यातील तालुक्याच्या गावी असलेल्या आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेनेही कॅमेरे बसवले, पेटी भिंतीला ठोकली आणि समितीचा फलक रंगवून घेतला. पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हा तिच्यातून चॉकलेटचे दोन कागद आणि ‘पीटीचा तास रोज ठेवा’ अशी एक चिठ्ठी निघाली. तक्रार नाही म्हणजे शाळा सुरक्षित, असे म्हणून मोकळे होता आले असते. परंतु उद्या खरोखरच एखादी चिठ्ठी आली तर ती हातात घेऊन कोणी काय करायचे, हे आमच्यापैकी एकालाही नीट सांगता येत नव्हते, हे पर्यवेक्षिका म्हणून मला ठाऊक होते. त्यातून हे प्रशिक्षण ठरले.

प्रशिक्षण देणारी संस्था पुण्याची असून बालपणीचे आघात आणि बालसंरक्षण या विषयांवर ती शाळांसाठी कार्यक्रम घेते. तिचे नाव येथे देत नाही, कारण पुढे काही उणिवा सांगायच्या आहेत आणि त्या मी त्यांना स्वतंत्र पत्राने कळवलेल्या आहेत. दोन शनिवार, प्रत्येकी साडेपाच तास, दोन प्रशिक्षिका, तीस जणांची मर्यादा आणि १८ हजार रुपये शुल्क, असा हिशेब होता. प्रवासखर्च वेगळा आणि चहा-पोहे आमचे. शिक्षकांखेरीज लिपिक, शिपाईमामा, स्वच्छतागृहे सांभाळणाऱ्या दोन मावशी आणि पाच व्हॅनवाले काका यांनाही बसवावे, असा आग्रह मी धरला. ‘हा अभ्यासक्रम शिक्षकांसाठी आहे’ असे म्हणून संस्थेने आधी कां-कूं केले, मग मान्य केले. पुढे या प्रशिक्षणातून जे काही हाती लागले त्याचा निम्मा भाग या माणसांमुळेच लागला.

पहिल्या शनिवारची सकाळ संशोधनाला दिलेली होती आणि ती चांगली झाली. अमेरिकेत सॅन दिएगो येथे व्हिन्सेंट फेलिटी हे डॉक्टर वजन कमी करण्याचा कार्यक्रम चालवीत असताना, ज्यांचे वजन उत्तम रीतीने उतरत होते तीच माणसे मध्येच कार्यक्रम सोडून जात असल्याचे त्यांच्या लक्षात आले, आणि कारण शोधता शोधता ते त्यांच्या बालपणातील अत्याचारांपर्यंत पोहोचले, ही हकिगत प्रशिक्षिकेने अतिशय संयमाने सांगितली. पुढे फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी केलेल्या पाहणीचा पहिला निबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. त्यात नऊ हजारांहून अधिक प्रौढांच्या उत्तरांवरून असे दिसले की मारहाण, लैंगिक अत्याचार, घरातील व्यसन, आईला होणारी मारझोड अशा अनुभवांचे चार किंवा अधिक प्रकार ज्यांच्या वाट्याला आले, त्यांच्यात दारूचे व्यसन, नैराश्य आणि आत्महत्येचा प्रयत्न यांचे प्रमाण असा कोणताच अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत चार ते बारा पट होते. त्याच्या जोडीला आपल्याकडचा केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाचा २००७ चा अभ्यासही मांडला गेला. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या त्या अभ्यासात निम्म्याहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाल्याचे सांगितले होते, आणि असे करणाऱ्यांपैकी जवळपास निम्मे लोक मुलांच्या ओळखीचे व विश्वासातले होते. अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस, एवढ्यावर ज्यांची शिकवण थांबते अशा आम्हा सगळ्यांना डोळे उघडायला हा आकडा पुरेसा होता.

चूक झाली ती त्यानंतर. चहाच्या सुट्टीनंतर त्याच पाहणीतील दहा प्रश्नांचे मराठी भाषांतर सर्वांना वाटण्यात आले आणि प्रत्येक ‘हो’ला एक गुण धरून प्रत्येकाने आपापले गुण काढावेत, असे सांगण्यात आले. नावे लिहायची नव्हती, हे खरे. परंतु तीन जण एका बाकावर बसलेले असताना, शेजारी मुख्याध्यापक आणि मागे लिपिक असताना, ‘तुमच्याहून किमान पाच वर्षांनी मोठ्या व्यक्तीने कधी…’ अशा प्रश्नापुढे खूण करायची की नाही, हा निर्णय माणसाने कसा घ्यावा? आमच्या एक सहकारी उठून बाहेर गेल्या आणि जेवणानंतरच परतल्या. त्यांना कोणी काही विचारले नाही, हे बरेच झाले. पण दोन प्रशिक्षिकांपैकी एकीने त्यांच्यामागे जाऊन व्हरांड्यात नुसते उभे राहायला हरकत नव्हती. आघात झालेल्या माणसाला पूर्वसूचना द्यावी, नकार देण्याची मोकळीक द्यावी, हे ज्यांनी दुपारी फळ्यावर लिहिले त्यांनीच सकाळी ते पाळले नाही.

आक्षेप केवळ शिष्टाचाराचा नाही, शास्त्राचाही आहे. ही गुणसंख्या मोठ्या लोकसमूहातील धोका मोजण्यासाठी आहे. एका माणसाचे निदान किंवा भविष्य सांगण्यासाठी ती वापरू नये, असा इशारा खुद्द अँडा यांनीच सहकाऱ्यांसह २०२० मध्ये लेख लिहून दिला. कारण उघड आहे. एकदाच घडलेली गोष्ट आणि सहा वर्षे रोज घडलेली गोष्ट या दोहोंना तेथे एकच गुण मिळतो. शिवाय मूळ पाहणी विमाधारक, बहुतांशी गोऱ्या व सुस्थितीतील अमेरिकन माणसांची होती. तिच्यात आईवडील विभक्त झाले का, हा प्रश्न आहे, पण आई किंवा वडील मृत्यू पावले का, हा नाही. द्राक्षांच्या हंगामात पेठ-सुरगाण्याकडून मजुरीसाठी येणाऱ्या कुटुंबांची मुले आमच्या वर्गांत चार महिने बसतात आणि छाटणी-काढणी उरकली की हजेरीपटावरून नाहीशी होतात. त्यांच्या अर्धपोटी, अर्ध्या शाळेच्या बालपणाला त्या दहा प्रश्नांत फारशी जागा नाही. जातीवरून मिळणाऱ्या वागणुकीला तर मुळीच नाही. हे मी तेथे विचारले. ‘चांगला मुद्दा आहे’ असे उत्तर मिळाले आणि पुढची स्लाइड आली.

दुपारच्या सत्राने मात्र थोडी भरपाई केली. हवाई बेटसमूहातील कौआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा माग मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती चाळिशीची होईपर्यंत ठेवला. गरिबी, घरातील कलह, पालकांचे आजार अशी अनेक संकटे एकदम झेलणाऱ्या मुलांपैकी सुमारे एक-तृतीयांश मुले सक्षम आणि आपुलकीची माणसे झाली. अशा मुलांच्या आयुष्यात आईवडिलांखेरीज कोणीतरी एक भरवशाचे मोठे माणूस असल्याचे पुन्हा पुन्हा आढळले, आणि त्या माणसांत शिक्षक बरेच होते. गुणसंख्येच्या धक्क्यानंतर हे ऐकणे आवश्यक होते.

दुसऱ्या शनिवारी पहिले दोन तास कायद्याचे होते, आणि शुल्काचा मोठा वाटा येथेच वसूल झाला. पोक्सो, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण करणारा कायदा, २०१२ च्या १४ नोव्हेंबरपासून लागू आहे, हे सर्वांना माहीत होते. कलम १९ कोणी वाचलेले नव्हते. मुख्याध्यापकांनी प्रामाणिकपणे विचारले, ‘असे काही कळले तर आधी संस्थाचालकांच्या कानावर घालायचे, आपल्या पातळीवर चौकशी करायची आणि मग पोलिसांकडे जायचे, असेच ना?’ प्रशिक्षिकेने ‘नाही’ एवढेच म्हटले आणि थोडा वेळ थांबून पुढे सांगितले की गुन्हा झाल्याचे कळणाऱ्या, किंवा होण्याची शक्यता वाटणाऱ्या, प्रत्येक व्यक्तीने तो पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. हाताखालच्या कर्मचाऱ्याचा गुन्हा दडवणाऱ्या संस्थाप्रमुखाला ही कैद वर्षापर्यंत होऊ शकते. ‘आणि तक्रार खोटी निघाली तर?’ हा पुढचा प्रश्न ठरलेलाच होता. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, असे त्याच कलमात म्हटले आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथील वसतिगृहाच्या प्रकरणात मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी माहिती असूनही कळवले नाही, असा आरोप होता. त्यांच्यावरील गुन्हा उच्च न्यायालयाने रद्द केला होता, पण २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. हे ऐकल्यावर मुख्याध्यापकांनी वही उघडली. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हवा तेथे, पोलिसांनी गणवेशात नसताना घ्यायचा, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवायचे नाही, या तरतुदी पालकांना सांगता आल्या तर त्यांची निम्मी भीती कमी होईल, असे मला वाटते.

त्यानंतरचे सत्र या प्रशिक्षणाचा कळस होते. प्रशिक्षिका दुसरीतली मुलगी होऊन बाकावर बसल्या आणि दप्तराचा पट्टा चिमटीत धरून म्हणाल्या, ‘बाई, मला व्हॅनमध्ये पुढच्या सीटवर नाही बसायचं.’ खोलीत पाचही काका बसलेले. एकाची मान खाली गेली. आमच्या एका अनुभवी शिक्षिका पुढे सरसावल्या : ‘का गं बाळा? काय झालं? कोणी हात लावला का? काकांनी काही केलं का?’ प्रशिक्षिकेने मान डोलावली. मग भूमिका सोडून त्यांनी विचारले, ‘मी मान का डोलावली असेल?’ मोठ्यांनी उत्तर पुढ्यात ठेवले की लहान मूल ते उचलते. उद्या न्यायालयात ‘हे बाईंनी पढवले’ असे म्हणायला बचावाच्या वकिलाला त्यामुळेच जागा मिळते. दुसऱ्या शिक्षिकेने पुन्हा प्रयत्न केला : ‘बरं, नको बसूस. पुढच्या सीटबद्दल मला सांग.’ एवढे बोलून त्या गप्प राहिल्या. ते गप्प राहणे फार लांबल्यासारखे वाटले. शेवटी उत्तर आले, ‘तिथे खालून पायाला चटके बसतात.’ व्हॅनचे इंजिन पुढच्या सीटखाली असते, हे पाचही काकांना पाठ होते. हसण्याचा मोठा आवाज झाला आणि खाली गेलेली मान वर आली. दुसऱ्या फेरीत त्याच वाक्याचा शेवट वेगळा झाला. तो येथे लिहिण्याची गरज नाही. पण शिक्षिकेचे शब्द दोन्ही वेळा अगदी तेच होते, आणि दोन्ही वेळा तेच पुरले.

‘कुणाला सांगणार नाही ना?’ असे मुलाने विचारले तर वचन देऊ नये, ‘तुला सुरक्षित ठेवायला ज्यांची मदत लागेल त्यांनाच सांगेन’ असे म्हणावे. मुलाचे शब्द त्याच्याच बोलीत, तारीख-वेळ घालून लिहावेत आणि आपण त्यात ‘विनयभंग’ वगैरे भर घालू नये, हेही येथेच शिकलो. ‘गुड टच, बॅड टच’ ऐवजी सुरक्षित आणि असुरक्षित स्पर्श म्हणावे, कारण असुरक्षित स्पर्श मुलाला दर वेळी वाईट वाटतोच असे नाही आणि मग ते स्वतःलाच दोष देते, हा खुलासाही मोलाचा होता.

मावशींपैकी एकीने चर्चेत सांगितले की पाचवीची दोन मुले मधल्या सुट्टीत मुतारीकडे फिरकतच नाहीत, तास सुरू झाल्यावर विचारून येतात, कारण सुट्टीत तेथे आठवीची पोरे उभी असतात. त्याच दोन मुलांच्या डायरीत ‘तासाला वारंवार बाहेर जातो’ असा शेरा आम्ही तीनदा लिहिलेला होता. एका काकांनी विचारले, ‘मॅडम, बालवाडीच्या पोरीला गाडीतून उतरवताना उचलायचं की नाही?’ उत्तर असे होते की आधी तिलाच विचारायचे, ‘स्वतः उतरतेस की धरू?’, हात द्यायचा, आणि गाडी फाटकाशी, मावशी उभ्या असतील तेथेच थांबवायची. नियम सगळ्या काकांना एकच, म्हणजे कोणा एकावर संशय घेतल्यासारखे होत नाही.

पुस्तिकेवर फार शब्द खर्च करण्यासारखे नाही. भाषांतर इतके अवघड आहे की ‘लवचिकता-निर्मितीसाठी सहाय्यकारी प्रौढ-बाल आंतरक्रिया’ म्हणजे मुलाशी मायेने बोलणे, हे कळायला मला दोनदा वाचावे लागले. त्याहून गंभीर म्हणजे १०९८ या मुलांसाठीच्या मदतवाहिनीची माहिती जुनी आहे. २०२३ पासून ही सेवा शासन चालवते आणि ती ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली गेली आहे. पुस्तिकेत आधीचीच व्यवस्था छापलेली आहे. जिल्हा बाल संरक्षण कक्षाचा पत्ता व दूरध्वनी प्रत्येक शाळेला त्या त्या जिल्ह्याचा द्यायला हवा होता. तो आमच्या लिपिकांनी शोधून कार्यालयाच्या दारामागे चिकटवला.

एवढे दोष असूनही हे प्रशिक्षण घ्यावे, असे मी इतर शाळांना सांगेन, मात्र तीन अटी आधी लेखी घालून. प्रश्नावली वगळावी, शिक्षकेतर कर्मचाऱ्यांना बसवावे आणि वेळ कमी असेल तर दुसरा शनिवार पहिल्यांदा घ्यावा. नव्या शैक्षणिक वर्षात आमच्याकडे तीन नवे काका येणार असल्याने जूनसाठी आम्ही पुन्हा नोंदणी केली आहे. प्रश्नावली वगळण्याचे संस्थेने पत्राने मान्य केले आहे. शुल्क मात्र आता वीस हजार झाले आहे.