रॅफ्टची असाइनमेंट आणि माझे ‘मेंटॉर सर’

आधीच सांगते, यात माझीही चूक आहे. वाचून कुणाला “बरी अद्दल घडली हिला” असं वाटलं तर मी भांडणार नाही. पण मला ज्या रीतीने गुंडाळलं ती रीत ठरलेली आहे, आणि आमच्याच वर्गातले आणखी दोघं तिच्यात अडकले होते हे मला फार उशिरा कळलं. म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितेय.

मी कॉम्प्युटर सायन्समध्ये मास्टर्स करत होते, कोर्सवर्कवालं. म्हणजे प्रबंध नाही, गाइडच्या मागे फिरणं नाही. ठरावीक कोर्स पास झालात की पदवी. बाहेरून हे सोपं वाटतं. आत गेल्यावर कळतं की एका वेळी चार कोर्स चालू असतात, प्रत्येकाच्या असाइनमेंटची डेडलाइन दुसऱ्याच्या डेडलाइनला टेकलेली असते आणि गुणांचा मोठा वाटा त्या असाइनमेंटवरच असतो. प्रबंध करणाऱ्याचा एखादा महिना वाया गेला तर तो पुढे भरून काढता येतो. आमचा एक आठवडा गेला की ग्रेड गेली. त्यात माझी आधीची पदवी इलेक्ट्रॉनिक्सची. अल्गोरिदम कसेबसे निभावले, पण डिस्ट्रिब्युटेड सिस्टिम्सने (अनेक संगणकांनी मिळून एक काम करण्याचा विषय) पार आडवं केलं.

असाइनमेंट होती रॅफ्ट नावाचा अल्गोरिदम जावा या प्रोग्रामिंग भाषेत लिहायची. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: पाच सर्व्हर आहेत, त्यातला कुठलाही केव्हाही बंद पडू शकतो, तरीही सगळ्यांच्या नोंदी एकाच क्रमाने राहिल्या पाहिजेत. त्यासाठी ते मतदान करून एक लीडर निवडतात. 2014 साली ऑन्गारो आणि औस्टरहाउट यांनी हा अल्गोरिदम मांडला तो ‘समजायला सोपा’ म्हणूनच. समजायला सोपा आहेही. लिहायला बसलं की तो पाणी पाजतो. माझा कोड वीस वेळा चालवला तर अठरा वेळा पास व्हायचा आणि दोनदा निवडणुकाच संपायच्या नाहीत. प्रत्येक सर्व्हर स्वतःलाच मत देऊन बसायचा, कुणालाच बहुमत नाही, पुन्हा निवडणूक. प्रिंट टाकून बघायला जावं तर बग गायब, कारण प्रिंटमुळे वेळेचं गणितच बदलायचं.

चार दिवस उरले असताना मी एका ग्रुपवर विचारलं की कुणी डीबगिंग शिकवेल का. दहा मिनिटांत या ‘मेंटॉर सरां’चा मेसेज आला. प्रोफाइलवर कुठल्याशा मोठ्या कंपनीतला अनुभव आणि ढीगभर पंचतारांकित अभिप्राय. “मॅडम, टेन्शन घेऊ नका. आम्ही करून देत नाही, शिकवतो.” हे वाक्य लक्षात ठेवा. मी याच वाक्यावर फसले.

पहिला तास खरंच चांगला गेला. स्क्रीन शेअर करून त्यांनी दाखवलं की माझ्या पाचही सर्व्हरचा इलेक्शन टाइमआउट (नवी निवडणूक सुरू करण्याआधी थांबायचा वेळ) एकच आहे. तो प्रत्येकाने स्वतंत्रपणे यादृच्छिक निवडायला हवा (मूळ शोधनिबंधात 150 ते 300 मिलिसेकंदांमधला सुचवलाय), म्हणजे एक जण इतरांच्या आधी उभा राहतो आणि मतं घेऊन मोकळा होतो. मी ते वाचलं होतं, पण रँडमचं सीड (यादृच्छिक आकडे जिथून सुरू होतात तो आकडा) सगळीकडे सारखंच दिलं होतं! फी अगदी किरकोळ. मला वाटलं, देवमाणूस भेटला.

मग एकेक पायरी. “लॉग रेप्लिकेशनमध्येही (म्हणजे नोंदी सगळ्या सर्व्हरवर उतरवण्यात) गडबड दिसतेय, नीट बघायला रेपोचा अ‍ॅक्सेस द्या.” (रेपो म्हणजे कोड आणि त्यातले बदल साठवलेली ऑनलाइन जागा.) दिला. “तुमच्या खात्यात आमची एसएसएच की टाका, सोपं पडतं.” (ही की म्हणजे पासवर्डशिवाय खात्यातल्या रेपोंमध्ये शिरायची डिजिटल किल्ली.) टाकली. “असाइनमेंटचा पूर्ण मजकूर आणि गुणांची विभागणी हवी, पोर्टलचं लॉगिन पाठवाल का?” तेही पाठवलं. कॉम्प्युटर सायन्सच्या विद्यार्थिनीने! सिक्युरिटीच्या कोर्समध्ये तेव्हा मला चांगले गुण होते, हे आपलं सांगून ठेवते. डेडलाइनच्या आदल्या रात्री मी झोपले आणि सकाळी उठून बघते तर रेपोमध्ये नवा कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद), सगळे टेस्ट पास. शिकवणं कधी संपलं आणि करून देणं कधी सुरू झालं ते मला समजलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे समजलं होतं. मी सबमिट केलं.

सोबत त्यांनी कॉपी-तपासणीची एक पीडीएफ पाठवली होती: साम्य शून्य टक्के. ती पाहून मी निर्धास्त झाले, इथेच माझी अक्कल कमी पडली. अशी तपासणी जे आधीपासून तिच्याकडे जमा आहे त्याच्याशीच तुलना करते. तोच कोड विकत घेतलेल्या बाकीच्या दोघांनी तोवर सबमिटच केला नव्हता. मग साम्य सापडणार कुठून?

आमच्या कोर्समध्ये सगळे कोड मॉसमधून जात. कोडमधलं साम्य शोधणारं हे साधन 1994 साली बर्कली विद्यापीठातल्या अ‍ॅलेक्स एकेन यांनी तयार केलं. व्हेरिएबलची नावं, कमेंट, मोकळ्या जागा बदलून ते फसत नाही, कारण तुलनेआधी ते असल्या गोष्टी काढूनच टाकतं. उरलेल्याचे एकमेकांवर चढलेले छोटे तुकडे पाडतं, प्रत्येकाचा हॅश (त्या तुकड्यावरून मिळणारा आकडा) काढतं आणि त्यातले निवडक हॅश कोडच्या बोटांच्या ठशांसारखे ठेवतं. शिक्षकांनी दिलेला सुरुवातीचा कोड हिशोबातून वगळण्याची सोयही त्यात असते, त्यामुळे “सगळ्यांचा सांगाडा सारखाच होता” ही सबब चालत नाही. मेंटॉर सरांनी तिघांना एकच माल दिला होता, फक्त नावं बदलून.

तरी मला आधी बोलावलं ते मॉसमुळे नाही. टीएने, म्हणजे प्रोफेसरांच्या सहायकाने, गिटचा (कोडमधल्या बदलांचा हिशोब ठेवणाऱ्या साधनाचा) लॉग काढला होता. प्रत्येक कमिटमध्ये तारखेसोबत तो कमिट ज्या मशीनवर झाला तिथला टाइम झोनही नोंदला जातो. नाव माझं, ईमेल माझा, पण त्या एका कमिटचा टाइम झोन माझ्या बाकीच्या सगळ्या कमिटपेक्षा साडेतीन तासांनी वेगळा. “त्या रात्री प्रवासात होतीस का?” असं त्याने अगदी सहज विचारलं. मी हो म्हटलं. मग प्रोफेसर म्हणाले, ठीक आहे, एवढंच सांग: आधीच्या टर्ममधली, म्हणजे आधीच्या निवडणूक-फेरीतली, नोंद बहुसंख्य सर्व्हरवर पोचली तरी नवा लीडर ती लगेच कमिट, म्हणजे पक्की, झाली असं का मानत नाही?

ती अट माझ्याच कोडमध्ये होती, एका ओळीत. मला ती दिसत होती. कशासाठी आहे ते मात्र सांगता येईना. (उत्तर आता पाठ आहे: तशी नोंद पुढे दुसरा लीडर पुसू शकतो, म्हणून आधी चालू टर्ममधली एक नोंद बहुमताने जावी लागते, तिच्यासोबत मागच्या पक्क्या होतात.) मी तेव्हा गप्प बसले. त्यांनी निर्णय पुढच्या आठवड्यावर टाकला.

खरी फसवणूक सुरू झाली ती त्या आठवड्यात. घाबरून मी मेंटॉर सरांना जाब विचारला. उत्तर तितक्याच आदबीने आलं: “मॅडम, चॅटचे सगळे स्क्रीनशॉट आमच्याकडे आहेत. प्रोफेसरांचा ईमेलही आहे. प्रकरण मिटवायची फी भरा.” ईमेल त्यांना मीच दिलेल्या लॉगिनमधून मिळाला होता. पहिल्या तासाच्या फीच्या वीसपट रक्कम. मी भरली. पाच दिवसांनी पुन्हा मागणी, या वेळी दुप्पट. तीही भरली, उसने घेऊन. तिसरी मागणी आली तेव्हा माझ्याकडे द्यायला काहीच उरलं नव्हतं, म्हणून मी प्रोफेसरांच्या दारात गेले. धाडस वगैरे काही नाही. पैसे संपले होते.

त्यांना नवल वाटलं नाही याचंच मला नवल वाटलं. पैसे देऊन असाइनमेंट करून घेण्याला ‘कॉन्ट्रॅक्ट चीटिंग’ हे नाव 2006 मध्ये रॉबर्ट क्लार्क आणि थॉमस लँकेस्टर या संगणकशास्त्राच्याच प्राध्यापकांनी दिलं, असं त्यांनी सांगितलं. ऑस्ट्रेलियात 2020 पासून आणि इंग्लंडमध्ये 2022 पासून अशी सेवा विकणं कायद्याने गुन्हा आहे. आणि पैसे घेऊन झाल्यावर विद्यार्थ्यालाच धमकावणं हा या धंद्याचा नेहमीचा दुसरा टप्पा. ते म्हणाले, “एकदा पैसे दिलेस तेव्हाच तू देतेस हे त्यांना कळलं.”

असाइनमेंटला शून्य, लेखी ताकीद आणि कोर्स पुन्हा. बाकी दोघांपैकी एकाने शेवटपर्यंत कबूल केलं नाही. त्याची शिक्षा माझ्यापेक्षा मोठी होती, एवढंच मला माहीत आहे. धमकीचे मेसेज आठवडाभर येत राहिले. मी उत्तर दिलं नाही, पैसेही दिले नाहीत. मेसेज मात्र पुसले नाहीत, सगळे प्रोफेसरांकडे दिले. स्क्रीनशॉटची भीती त्याच दिवशी संपली, कारण ज्यांना ते दाखवायचे होते त्यांनी ते माझ्याकडूनच पाहिले होते.

पासवर्ड मी त्याच रात्री बदलले होते, पोर्टलचा, ईमेलचा, रेपोचा. पुढच्या सेमिस्टरला डेटाबेसचा प्रोजेक्ट सुरू केला, नवीन लॅपटॉपची एसएसएच की टाकायला सेटिंग उघडलं, तर तिथे दोन किल्ल्या. पासवर्ड बदलला म्हणून की रद्द होत नाही, हे कुणालाही विचारलं असतं तर मी झोपेतही सांगितलं असतं. एक माझी. दुसरीपुढे लिहिलं होतं: शेवटचा वापर, गेल्या आठवड्यात.