मोडी वर्ग: अक्षर कळते, कागद उलगडत नाही

विद्यापीठाच्या इतिहास विभागाचा मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदपत्रांची लिपी, शिकवणारा वर्ग: दहा दिवस, रोज दोन तास. म्हणजे एकूण वीस तास. त्यातले निम्म्याहून अधिक मुळाक्षरे आणि बाराखडी गिरवण्यात जातात, आणि वर्गाचे खरे दुखणे तिथेच आहे.

गिरवून घेतात मात्र झकास. आधी कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत शिरोरेषा ओढायची, मग तिला अक्षरे टांगायची. देवनागरीची सवय असलेला हात शब्द लिहून झाल्यावर वर रेघ मारायला जातो. ती खोड पहिल्या दिवशीच मोडून काढतात. बोरूची लेखणी तासायलाही शिकवतात. टोकाचा काप तिरका हवा, नाहीतर रेघेत जाड-बारीक येत नाही आणि पेशवेकालीन अक्षराचे वळण डोळ्यांत बसत नाही. बॉलपेनवर भागवणारे वर्ग पुष्कळ आहेत, त्यांच्यापेक्षा हा उजवा. ‘र’ मागच्या-पुढच्या अक्षराप्रमाणे रूप बदलतो, तेही फळ्यावर नीट काढून दाखवतात.

पण वीस तासांनी हातात खरा कागद आला की गाडी अडते. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्ह नाही, शब्द सुटे नाहीत. ‘रामाजीवनकर’ अशी सलग ओळ आली, तर हा रामाजी वनकर की रामा जीवनकर? अक्षरे सगळी लागली, माणूस मात्र लागला नाही. असा नग सोडवायचा तर त्याच कागदात ते नाव पुन्हा कुठे येते ते शोधायचे, किंवा त्याच गावाचा दुसरा कागद काढायचा. वर्गात यासाठी फक्त एक तास आहे. निदान चार हवेत.

संक्षेपांचेही तेच. ‘मौ॥’ म्हणजे मौजे, ‘प॥’ म्हणजे परगणे, ‘त॥’ म्हणजे तर्फ, एवढी यादी देतात. मात्र हेच दोन दंड, म्हणजे उभ्या रेघा, आकड्यापुढे आले की अर्धा होतात, हे कोणी ठासून सांगत नाही. ५। म्हणजे सव्वापाच, ५॥ म्हणजे साडेपाच, ५॥। म्हणजे पावणेसहा. रुपयांच्या हिशेबात हेच चार, आठ आणि बारा आणे. जमाखर्चाचा कागद वाचताना एक दंड नजरेतून निसटला की खालची बेरीज जुळत नाही. तसे पाहिले तर बेरीज हीच वाचनाची तपासणी आहे, आणि ही युक्ती शिकवायला पाच मिनिटे पुरतात.

सगळ्यात घाईने उरकतात ते कालमापन, शेवटच्या दिवशी चहाच्या आधी. पेशवाईतल्या पत्रांवर बहुधा शुहूर सन, ही जुनी कालगणना, असतो, आणि तोही आकड्यांत नव्हे, अरबी शब्दांत. एकक आधी, मग दशक, मग शतक, मग हजार. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, म्हणजे ११६१. शुहूर वर्ष मृग नक्षत्राला बदलते, म्हणून इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. वर्गात नुसते ‘६०० मिळवा’ सांगून मोकळे होतात. मग ११६१ सालचा पावसाळ्यातला कागद १७६१ चा, म्हणजे पानिपतानंतरचा ठरतो; असतो तो १७६० चा, भाऊसाहेब हयात असतानाचा! शकाचाही असाच फेरा आहे. पानिपत झाले पौष शुद्ध ८, शके १६८२ रोजी. ७८ मिळवले तर १७६० येते, पण तारीख १४ जानेवारी १७६१, म्हणून तिथे ७९. फसली या महसुली सनाला ५९०-५९१. वर पुन्हा महिना मुसलमानी चांद्र, त्याच्या तिथीआधी ‘छ’ हे चंद्राचे चिन्ह. नवशिके त्याला सहाचा आकडा समजतात, आणि त्यात त्यांचा दोष नाही.

सरावाला दिलेल्या झेरॉक्स बदलायलाच हव्यात. काळ्या-पांढऱ्या प्रतीत मागच्या पानावरून झिरपलेली शाई आणि पुढची शाई सारखीच दिसते, फिकट काना-मात्रा उडून जातात. ३०० डीपीआयचे रंगीत स्कॅन मोबाइलवर मोठे करून बघितले तर निम्मे प्रश्न सुटतात.

आणखी एक घोळ. सप्टेंबर २०२३ मध्ये कुणबी नोंदींसाठी न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मोडी जाणणाऱ्याला एकदम भाव आला. आता बाकांवर निम्मे संशोधक आणि निम्मे आपल्या घराण्याची नोंद शोधायला आलेले असतात. दुसऱ्यांना गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूचे कोतवाल बुक वाचायचे असते. ते इंग्रजी अमलातले, टाकाने लिहिलेले, रकान्यांत मांडलेले. त्यांना शुहूर सन नको. नावे, आडनावे, जाती आणि गावे यांच्या पाच-पन्नास शब्दांचा पक्का सराव हवा. दोघांना एकाच बाकावर बसवून दोघांचेही नुकसान होते. पहिले तीन दिवस एकत्र घ्यावेत, पुढे दोन तुकड्या कराव्यात.

शुल्क वाजवी आहे, शिकवणारे तयारीचे आहेत, प्रमाणपत्र मिळते. त्या प्रमाणपत्राच्या भरवशावर पुणे अभिलेखागारात जाऊन पेशवे दफ्तराचा रुमाल, म्हणजे कागदांचे गाठोडे, सोडू नये. आधी पन्नासेक कागदांचे लिप्यंतर जाणकाराकडून तपासून घ्यावे. नाव घालणाऱ्यांनी बाराखडी घरूनच गिरवून यावे, म्हणजे पहिले चार दिवस मास्तरांना खरे कागद विचारता येतील. सोबत रेघा नसलेली वही, दोन बोरू आणि भिंग आणावे. भिंग वर्गात एकच आहे आणि ते पहिल्या बाकापुढे सरकत नाही.