क्रोमबुक की सरफेस प्रो: लिहिणाऱ्याची निवड

गेली काही वर्षे माझे बहुतेक काम लेखन, ईमेल आणि दस्तऐवजांची देवाणघेवाण एवढ्यापुरतेच असल्यामुळे नवे यंत्र घेताना मी गुगलच्या क्रोम ओएस या कार्यप्रणालीवर चालणारा लॅपटॉप म्हणजे क्रोमबुक आणि मायक्रोसॉफ्टचा सरफेस प्रो हा कीबोर्ड जोडता येणारा टॅबलेट यांचाच विचार केला. २०११ साली पहिली क्रोमबुक बाजारात आली, तेव्हा ती जवळजवळ केवळ ब्राउझरच होती. २०१६ पासून मात्र त्यांवर अँड्रॉइडची अॅप्सही चालू लागली. यंत्र झटकन सुरू होते आणि देवनागरी टंकलेखनाला हातांखाली खराखुरा कीबोर्ड मिळतो, हे मला फार मोलाचे वाटते.

खरेदीपूर्वी एक गोष्ट अवश्य तपासावी. २०२१ पासूनच्या मॉडेल्सना दहा वर्षे अद्यतने मिळतात, परंतु ती मुदत आपल्या खरेदीपासून नव्हे, तर त्या मॉडेलचा मूळ प्लॅटफॉर्म (ज्या हार्डवेअर रचनेवर ते बेतलेले असते ती) बाजारात आल्यापासून मोजली जाते. म्हणून सवलतीत मिळणारे जुने मॉडेल स्वस्त असेलच असे नाही.

सरफेस प्रोवर पूर्ण विंडोज चालते. ज्यांना फोटोशॉपची संपूर्ण आवृत्ती, टॅली किंवा पेनाने रेखाटन हवे, त्यांनी तोच घ्यावा. मात्र कीबोर्ड बहुधा वेगळा विकत घ्यावा लागतो, आणि मांडीवर ठेवून लिहिताना मागचा टेकू लॅपटॉपच्या बिजागरीइतका स्थिर राहत नाही. प्रवासात लिहिणाऱ्या मला ही उणीव निर्णायक वाटली, म्हणून मी क्रोमबुक घेतले.