पहिल्या महायुद्धातली दोन ब्रिटिश लढाऊ विमानं: नवख्या वैमानिकाला कोणतं द्यावं, सॉपविथ कॅमल की एस.ई.5ए?
कॅमलचं इंजिन, बंदुका, वैमानिक, टाकी असं सगळं वजन पुढच्या सुमारे 7 फुटांत कोंबलेलं. त्यात रोटरी इंजिन स्वतःच गरगरणारं, म्हणून उजवीकडे वळताना नाक खाली जाई, डावीकडे वर. वळायला चपळ, पण उड्डाणानंतर इंधनाचं मिश्रण वेळेत पातळ केलं नाही की इंजिन गुदमरे; नवखे यातच गेले.

एस.ई.5एचं व्ही-8 इंजिन पाण्याने थंड होणारं, 200 अश्वशक्तीचं. वेग ताशी सुमारे 220 किमी, कॅमलचा 185च्या आसपास. सुरुवातीच्या हिस्पानो बनावटीच्या इंजिनांचे गिअर मात्र दगा देत. बिनगिअरच्या वायपर इंजिनाने ती कटकट मिटवली. वरच्या पंखावरच्या लुईस मशीनगनचा 97 गोळ्यांचा ड्रम बदलायचा तर बंदूक वाकड्या रुळावरून खाली ओढायची, तीही भर वाऱ्यात! तरी नवख्याला मी एस.ई.5एच देईन. भारतीय वैमानिक इंद्रलाल रॉय 1918 मध्ये याच विमानातून लढले.