पसंत केली एक, घरी आली दुसरी

दिवाळी पाडव्याला, म्हणजे २२ ऑक्टोबर २०२५ ला, मी कोल्हापुरातल्या एका दुकानात हायब्रीड सायकल पसंत केली आणि २१ हजार रुपये मोजले. दुसऱ्या दिवशी जी सायकल घरी आली ती हायब्रीड नव्हती. हे मला कळायला पाच आठवडे लागले. दुकानाचं नाव इथं लिहीत नाही, कारण प्रकरण ग्राहक आयोगाकडं न्यायची तयारी चालली आहे. पण काय झालं, कसं झालं ते सगळं सांगतो. रोज सकाळी रंकाळ्यावर कोऱ्या सायकली घेतलेली माझ्यासारखीच चाळिशी-पन्नाशीची माणसं दिसतात. त्यांतल्या बहुतेकांना सायकलीतलं फारसं कळत नसतं, आणि दुकानदाराला ते आपण पायरी चढायच्या आत कळतं.

माझी गरज साधी होती. वय ४६, बँकेतली बैठी नोकरी. साखर काठावर आली, तेव्हा डॉक्टरांनी रोज अर्धा-पाऊण तास घाम गाळा म्हणून सांगितलं. चालायचा कंटाळा येतो, सायकल लहानपणापासून आवडते. कोल्हापुरातल्याच संभाजीनगर भागातून निघायचं, रंकाळ्याला फेरी मारायची, रविवारी कळंब्यापर्यंत जायचं, पाय तयार झाले की पुईखडीचा चढ करून बघायचा. शर्यतीत उतरायचं नव्हतं, डोंगरातनं उड्याही मारायच्या नव्हत्या.

अशा माणसाला हायब्रीड बरी, असं ऑफिसमधल्या एका सायकलवेड्या सहकाऱ्यानं सांगितलं होतं. रोड बाइकसारखं मोठं, हलकं चाक. पण हँडल सरळ, त्यामुळं पाठीतून फार वाकावं लागत नाही. टायर रेसिंगच्या सायकलीपेक्षा रुंद आणि माउंटन बाइकपेक्षा अरुंद, साधारण ३५ ते ४० मिलिमीटरचा, म्हणजे आपल्या खड्ड्यांनाही चालतो आणि डांबरावर ओढतही नाही. पुढचा चिमटा, म्हणजे पुढचं चाक धरणारा भाग, बहुधा साधा, बिनशॉकअपचा. हे सगळं मी ऐकलं होतं, पटलंही होतं. दुकानात गेल्यावर मात्र ऐकलेलं सगळं मागं पडलं.

पाडव्याला दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. दारातच एक राखाडी सायकल उभी होती, नारंगी पट्ट्यांची. दांडीवर ‘एम’चा, म्हणजे मध्यम मापाचा, स्टिकर. मी बोळाच्या टोकापर्यंत चालवून आलो. पाय टेकले की दांडी आणि माझ्यामध्ये दोन बोटं जागा राहत होती, हात अवघडत नव्हते. छापील किंमत २४,५००, सणाची सूट धरून २१ हजार. बायकोनं मोबाइलवर माझा त्या सायकलीवर बसलेला फोटो काढला. पुढं तोच फोटो माझ्या कामी आला.

मी म्हटलं, हीच द्या. तर मालक म्हणाला, “साहेब, ही डिस्प्लेची हाय. दहा लोकांनी चालवलीया, ओरखडे असत्यात. तुम्हाला खोक्यातला नवा पीस बांधून ठेवतो, उद्या सकाळी न्या. काय काळजी करू नगासा.”

मला ते बोलणं आपुलकीचं वाटलं. नवी वस्तू कुणाला नको असते? पैसे तिथंच फोनवरून दिले. बिल मागितलं तर म्हणाला, “पक्कं बिल केलं की १२ टक्के वर लागत्यात. कशाला उगं? हे घ्या, आमच्या सहीचं हाय.” हातात जो कागद दिला त्यावर वर ‘अंदाजपत्रक’ असं छापलेलं होतं आणि खाली पेनानं लिहिलं होतं : सायकल १ नग, २१,०००.

या दोन वाक्यांत किती खोटं होतं ते मला नंतर उमगलं. सायकलवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासूनच १२ वरून ५ टक्क्यांवर आला होता, म्हणजे पाडव्याच्या बरोबर महिनाभर आधी. आणि छापील किंमत, ज्याला आपण एमआरपी म्हणतो, ती सगळे कर धरूनच असते. तिच्यावर टॅक्स ‘वर लागतो’ हा प्रकारच नाही. मी बँकेत काम करतो, रोज कागद तपासतो. तरी सणाच्या गर्दीत तो कागद मी घडी करून खिशात घातला.

भाऊबीजेला सकाळी सायकल आणायला गेलो. रंग तोच, पट्टे तेच, कंपनी तीच. पण पुढं शॉकअप होता आणि टायर जाड होते. मी विचारलंसुद्धा. मालकाच्या जागी त्याचा मुलगा होता. तो म्हणाला, “सर, हे त्याचंच यंदाचं नवं व्हर्जन. फ्रेम तीच, अलॉय. शॉकअप कंपनीनं वाढवून दिलाय, पैसे तेवढेच. आपल्या रस्त्याला हेच पायजे.” बहीण ओवाळायला थांबली होती. मी सायकल घेतली आणि निघालो. सांगायला वाईट वाटतं, पण त्या दिवशी मी खूश होतो. तेवढ्याच पैशात शॉकअप मिळाला असं घरी सांगितलं.

फसवणुकीचा गाभा इथं आहे. माझं कमी केलं आणि वर जास्त दिल्यासारखं दाखवलं. नवख्या माणसाच्या नजरेत शॉकअप, जाड टायर आणि ‘२१ गिअर’ हे शब्द भरतात. स्वस्तातला शॉकअप दीड-दोन किलो वजन वाढवतो. चढाला उभं राहून पायडल मारलं की तो खाली दबतो आणि पायातला जोर त्यात मुरतो. रंकाळ्याच्या रस्त्याला त्याचा उपयोग जवळजवळ शून्य. गिअरच्या आकड्याचंही तसंच. पुढं तीन आणि मागं सात चकत्या म्हणून २१; पण त्यांतले कितीतरी गिअर एकमेकांसारखेच पडतात. चढाला खरं महत्त्व पुढच्या सगळ्यात लहान आणि मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीला. ते विचारायचं मला सुचलं नाही. ‘शिमानोचे गिअर’ म्हणून सांगितलं होतं, आणि मागच्या डिरेलरवर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या भागावर, या कंपनीचं नाव होतंही. पण ती टूर्नी, शिमानोची सगळ्यात खालची पायरी. तिच्यावर अल्टस, मग असेरा. टूर्नी वाईट नसते, कामापुरती ती चालते. मी पसंत केलेल्या सायकलीवर मात्र अल्टस होती आणि मागं आठ चकत्यांचा संच होता, ज्याला कॅसेट म्हणतात. घरी आलेलीला सात चकत्यांचं, चाकाच्या मधल्या भागावर (हबवर) आट्यांनी बसणारं साधं फ्रीव्हील.

पहिले पंधरा दिवस दमलो की वाटायचं, सवय नाही, होईल. मग उजव्या हाताची करंगळी आणि तिच्याशेजारचं बोट बधिर व्हायला लागलं. खुराड्याच्या दाराला हात टेकून उभं राहावं तसं हँडल लांब वाटायचं, सगळा भार तळव्यावर यायचा. गुडघा दुखायला लागला. पुईखडीच्या चढाला तर निम्म्यातच उतरून सायकल ढकलली, आणि तेव्हा माझ्याहून थोराड एक गृहस्थ साध्या हायब्रीडवर गप्पा मारत वर गेले. बायको म्हणाली, “एवढे पैसे घातले आणि तुम्ही चालतच येताय की.” मी डॉक्टरांकडं जायच्या विचारात होतो. दोष शरीराचा आहे असंच धरून चाललो होतो.

नोव्हेंबरच्या शेवटी एका कामासाठी शिवाजी उद्यमनगरात जायचं होतं. शाळेतला एक मित्र तिथं लेथवर आहे. सायकल घेऊनच गेलो. कौतुकानं दाखवली. त्यानं एका हातानं मधली दांडी धरून सायकल उचलली, आणि लगेच खाली ठेवली.

“कितीला घेतलीस?”

“एकवीस.”

“अल्युमिनियम म्हणून सांगितलं?”

मी हो म्हणालो. दुकानात ‘अलॉय’ म्हणतात ते अल्युमिनियमलाच. तो काही बोलला नाही. मशीनवरचा डायल गेजचा मॅग्नेटिक स्टँड काढून आणला आणि सायकलीच्या मधल्या दांडीजवळ धरला. टक्कन आवाज झाला. हात सोडला तरी स्टँड दांडीला तसाच चिकटून राहिला. अल्युमिनियमला चुंबक चिकटत नाही, हे आपण शाळेत शिकलेलो असतो. तो स्टँड बघताना माझ्या पोटात गोळा आला.

तुम्ही कधी ही परीक्षा केलीत तर एक ध्यानात ठेवा : चुंबक फ्रेमच्या नळ्यांना लावायचं. चेन, आरे आणि पुष्कळदा पुढचा चिमटाही पोलादाचा असतो, आणि अल्युमिनियमच्या फ्रेमला पोलादी चिमटा असणं ही काही लबाडी नाही. तसंच पोलादाची सायकल वाईट असं मुळीच नाही. चांगल्या पोलादाच्या सायकली वर्षानुवर्षं चालतात. वाईट आहे ते पोलाद देऊन अल्युमिनियमचे पैसे घेणं.

मग आम्ही दोघांनी ती सायकल पाच आठवड्यांत पहिल्यांदा नीट बघितली. टायरच्या बाजूला बारीक उठावाची अक्षरं असतात. माझ्या टायरवर होतं ५४-५८४. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा रिमचा व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ५८४ म्हणजे साडेसत्तावीस इंची चाक. हायब्रीडला बहुधा ७००-सी चाक असतं, तिथं ६२२ दिसतं. मी पाडव्याला चालवलेलीवर काय होतं? बायकोनं काढलेला फोटो मोठा करून बघितला. पुढचा टायर स्वच्छ आला होता : ७०० गुणिले ४०. चिमटा सरळ, शॉकअप नाही. दांडीवर ‘एम’ वाचता येत होतं. माझ्या सायकलीच्या सीटखालच्या नळीवर मात्र १९ इंचांचा स्टिकर निघाला. माझी उंची पाच फूट पाच इंच. ते माप माझ्यापेक्षा चांगल्या चार-पाच इंच उंच माणसाचं. बोटं बधिर का होत होती ते तिथंच कळलं. शेजारच्या वजनकाट्यावर घातली तर १७ किलो ६०० ग्रॅम भरली.

मित्रानं सायकल उलटी केली. पायडलची दांडी ज्या जाड नळीतून जाते, तिच्या तळाशी चिखलाखाली एक नंबर ठोकलेला होता. तो फ्रेम नंबर. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून तो सांगितला. पलीकडच्या मुलीनं दोन मिनिटांत मॉडेलचं नाव सांगितलं. भलतंच, माउंटन बाइकच्या रांगेतलं. छापील किंमत १४,२००.

त्याच संध्याकाळी दुकानात गेलो. मालक ओळख दाखवीना. फोटो दाखवला तर म्हणाला, “ती तर डिस्प्लेची. तुम्ही घेतलेली हीच की. बिलात कुठं दुसरं मॉडेल लिवलंय? आणि आता महिनाभर चालवलासा, सेकंड हँड झाली.” मी तो कागद काढला. सायकल १ नग. मॉडेल नाही, माप नाही, फ्रेम नंबर नाही, दुकानाचा जीएसटी क्रमांक नाही. तो कागद मलाच खोटं पाडत होता. फोनवरून दिलेले पैसेसुद्धा दुकानाच्या खात्यात गेले नव्हते, कुणा एका माणसाच्या नावाच्या खात्यात गेले होते. देताना पडद्यावर ते नाव आलं होतं. मी वाचलं नव्हतं.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, फोन केला. त्यांनी तक्रार नोंदवून घेतली आणि दुकानदाराकडं पाठवली. त्यानंतर दुकानातून फोन आला : दोन हजार परत देतो, वर एक सर्व्हिसिंग फुकट, विषय मिटवा. मी नाही म्हटलं. स्पीड पोस्टानं नोटीस पाठवली आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणं तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. माझ्याकडं फोटो आहे, त्यावर तारीख-वेळ आहे, त्याच दिवशी पैसे गेल्याची नोंद आहे, कंपनीनं ईमेलवर दिलेलं फ्रेम नंबरचं उत्तर आहे. वकील म्हणतात, पक्कं बिल असतं तर हे सगळं लागलंच नसतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते २१ हजारांचं नाही. पाच आठवडे मी माझ्याच गुडघ्याला आणि माझ्याच वयाला दोष देत होतो. कितीतरी लोक असेच महिनाभर चालवून सायकल जिन्याखाली लावत असतील आणि ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून सोडून देत असतील. त्यांतल्या काहींना सायकल जमत नसते असं नाही, त्यांना चुकीची सायकल दिलेली असते.

गेल्या रविवारी बँकेतल्या एका बाईंना सायकल घ्यायची होती, त्यांनी मला सोबत नेलं. दुकान दुसरं. त्यांनी आधी घरी भिंतीला पाठ लावून, पायांमध्ये वही धरून, जमिनीपासून वहीपर्यंतचं माप घेतलं होतं. त्या मापानं फ्रेम निवडली, जी चालवून बघितली तीच घ्यायची असं सांगितलं. डिस्प्लेचा ओरखडा दाखवून तीनशे कमी करून घेतले. मी चुंबक खिशातच नेलं होतं. नळीला लावलं, चिकटलं नाही. बिलावर मॉडेल, माप आणि फ्रेम नंबर लिहून द्या म्हटल्यावर दुकानातल्या काकांनी कुरकुर केली नाही. स्वतःच सायकल उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवला, फडक्यानं नळीचा तळ पुसला आणि एकेक आकडा मोठ्यानं वाचला. बाईंनी तो बिलाशी ताडून बघितला, मगच पैसे दिले.