बंबाच्या पाइपातलं ॲसबेस्टॉस काढतो सांगून आम्हाला लुटलं, जुनी घरं असलेल्यांनी नक्की वाचा

भांडुपला आमचं जुनं बैठं घर आहे, आई तिथेच राहते. मोरीत आजीच्या वेळचा तांब्याचा बंब होता, धूर बाहेर जायला सिमेंटचा जाड पाइप आणि वर सिमेंटचे सात पत्रे. आईला आता लाकडं फोडणं, बंब पेटवणं होत नाही म्हणून मे महिन्यात ठरवलं की गिझर लावायचा आणि पावसाच्या आत पत्रेपण बदलून टाकायचे.

ओळखीतून एक कॉन्ट्रॅक्टर आला. पाइपावर टकटक करून म्हणाला, ताई हे ॲसबेस्टॉस आहे, याने कॅन्सर होतो. (ॲसबेस्टॉस म्हणजे सिमेंटमध्ये मिसळतात ते धाग्याधाग्याचं खनिज.) आता हे खोटं नाहीये आणि तिथेच मी फसले. जुने सिमेंटचे पत्रे, पाइप बहुतेक ॲसबेस्टॉसचेच असतात, त्याचे बारीक धागे श्वासातून फुप्फुसात जाऊन बसतात आणि आजार कधीकधी 20-40 वर्षांनी बाहेर पडतो. मी मोबाईलवर बघितलं, सगळं बरोबर निघालं, मग वाटलं माणूस माहितगार आहे, प्रामाणिक आहे.

तो म्हणाला अंगभर संरक्षक सूट घातलेली माणसं येतील, पाणी मारून पत्रे अख्खे उतरवतील, माल तळोज्याला घातक कचरा घेतात तिथे जाईल, त्याचं सर्टिफिकेट देतो, नवीन पत्रे बिनॲसबेस्टॉसचे. एकूण 46,000, त्यात नुसतं काढायचे 18,000. आणि जाता जाता म्हणाला, बंबावर पण धूळ बसलीये, घरात ठेवू नका, तो पण त्याच कचऱ्यात द्यावा लागेल. आई नको नको म्हणत होती, मीच तिला गप्प केलं.

कामाच्या दिवशी मी ऑफिसला होते. दुपारी आईचा फोन, अगं केवढी धूळ उडतेय. धावत गेले तर दोन पोरं तोंडाला रुमाल बांधून हातोड्याने पत्रे फोडतायत, पाइप ग्राइंडरने कोरडाच कापलेला. तुळशीवर, वाळत घातलेल्या साड्यांवर राखाडी थर. पाइपाचा तुटलेला काठ जवळून बघितला तर कापसासारखे पांढरे धागे बाहेर आलेले. पत्रा चांगला असेल, हलवला नाही तर फारसा त्रास देत नाही, फोडला-कापला की धागे सुटतात. म्हणजे जे करायचं नाही तेच आम्ही 18,000 देऊन करून घेतलं, आणि त्या पोरांना कोणी काही सांगितलंच नव्हतं, त्यांची मला अजून काळजी वाटते. धूळ परत उडू नये म्हणून आम्ही झाडू मारला नाही, सगळं ओल्या फडक्याने पुसलं आणि फडकी डबल पिशवीत बांधून ठेवली.

सर्टिफिकेट आलं, शिक्का वगैरे सगळं. माझा चुलतभाऊ केमिकल कंपनीत आहे, त्याने बघितल्या बघितल्या विचारलं, फॉर्म 10 कुठाय? घातक कचरा अधिकृत ठिकाणी गेला की 2016 च्या नियमाप्रमाणे त्याचा मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठे गेला त्याची नोंद) बनतो, तोच फॉर्म 10, आमच्याकडे नुसता छापलेला कागद. आठवड्याने आमच्याच पत्र्यांचे तुकडे नाल्याच्या कडेला दिसले, निळा रंग मारलेला होता म्हणून ओळखले. नवीन पत्र्याच्या खालच्या बाजूला छापलंय आयएस 459. ते ॲसबेस्टॉसच्याच नालीदार पत्र्यांचं मानक आहे! आपल्याकडे हे पत्रे अजून कायदेशीर विकले जातात, त्यामुळे पत्रे लावायच्या आधी छाप स्वतः वाचा आणि बिलावर ‘नॉन-ॲसबेस्टॉस’ लिहून घ्या, आमचं बिल नुसतं चिठ्ठीवर होतं.

बंबाचं तर सांगवत नाही. तांबं आहे ते, ओल्या फडक्याने पुसलं असतं तर काम झालं असतं, फेकायची काही गरजच नव्हती. कोणी धातूच्या वस्तूला ‘दूषित झालीये’ म्हणून उचलायला लागलं तर सरळ दाराबाहेर काढा. स्टेशनकडच्या भंगारवाल्याकडे झाकण सापडलं, कडेला आजीचं नाव कोरलेलं. बाकी बंब वजनावर विकून, कापून गेला होता. झाकण 700 रुपये देऊन परत आणलं, आईने ते घेतलं आणि काहीच बोलली नाही.

पोलिसात एनसी (अदखलपात्र तक्रार) केलीये. कॉन्ट्रॅक्टरचा फोन बंद आहे. पत्रे परत काढायचे तर परत फोडाफोडीची भीती, म्हणून सध्या हात लावत नाही. परवा सीसीटीव्हीवाला ड्रिल घेऊन पत्र्याला भोक पाडायला चढत होता, त्याला शिडीवरूनच खाली उतरवलं.